घरचं बी, पुडीतलं बी

भावडबारीचा घाट उतरून देवळ्याकडे निघालं की ऑगस्टात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मकाच मका दिसतो. मध्येच एखाद्या चढाच्या, मुरमाड तुकड्यात बाजरी उभी असते. दोन पिढ्यांपूर्वी हेच उलटं होतं. 1883 सालच्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात बाजरी हे जिल्ह्याचं प्रमुख पीक म्हणून नोंदलेलं आहे. पुढे जवळजवळ शंभर वर्षं इथल्या कोरडवाहू रानाची ओळख तीच राहिली.

देवळा तालुका तसा नवा, 1999 सालचा. त्याआधी हा मुलूख शेजारच्या तालुक्यांत, मुख्यतः कळवणात मोडायचा. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून जो कसमादे पट्टा होतो, त्यात पाण्याच्या दृष्टीने देवळा सगळ्यात विषम. उत्तरेला गिरणा. लोहोणेर, विठेवाडी, सावकी, खामखेडा ही गावं नदीकाठची, काळ्या जमिनीची. विठेवाडीला साखर कारखाना निघाला तो याच पाण्याच्या भरवशावर. दक्षिणेला आणि पूर्वेला दहिवड, मेशी, वाखारी, उमराणे या बाजूला सरकलं की जमीन हलकी होत जाते, विहिरी खोल जातात आणि सह्याद्री ओलांडून आलेले ढग तोवर बरेचसे रिते झालेले असतात. या दुसऱ्या पट्ट्यातली माणसं बाजरीवर जगली.

बाजरीचं इथे जमलं ते तिच्या दिवसांमुळे. जून-जुलैत पेरलेली बाजरी पंचाहत्तर ते पंच्याऐंशी दिवसांत कापणीला येते. पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारून बसला तरी ती तग धरते; मुख्य ताट सुकलं तर खालचे फुटवे जोर धरतात आणि उशिरा आलेल्या पावसावर कणसं देऊन जातात. सप्टेंबरात रान मोकळं झालं की त्यात रांगडा कांदा लागतो, किंवा थोडं थांबून उन्हाळ कांदा. आज उमराण्याच्या बाजारात कांद्याचे जे ट्रॅक्टर उभे राहतात, त्यांच्यामागे हा क्रम आहे. आधी घरच्या धान्याची सोय, मग त्याच रानात पैशाचं पीक. बाजरीने जमीन लवकर सोडली नसती, तर या पट्ट्यात कांदा इतका सहज बसला नसता.

मग बाजरी मागे का पडली? लोकांना पोळी आवडायला लागली, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, मक्याला कोंबडीखाद्याचा बाजार मिळाला, ही उत्तरं नेहमी ऐकायला येतात आणि ती खरीच आहेत. पण त्यांत बियाण्याची गोष्ट राहून जाते. बाजरीचं बी एकदा घरातून गेलं, पुडीतून परत आलं आणि त्या येण्या-जाण्यात शेतकऱ्याचा तिच्यावरचा भरवसा दोनदा मोडला. माझ्या मते बाजरीच्या घसरणीतला हा मोठा भाग आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला आज बाजरी पेरायला सांगायचं असेल, तर आधी कोणता वाण आणि बी कुणाचं, हे सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी बाजरीचं कणीस फुलताना बघायला हवं. पोटरीतून कणीस बाहेर पडलं की दोन-तीन दिवसांत त्याच्यावर बारीक, पांढरट, पिसासारख्या तंतूंची लव दिसू लागते. ती वरच्या टोकाशी सुरू होते आणि खाली उतरत जाते. हे स्त्रीकेसर. या वेळी त्या कणसावर परागाचा एक कणही नसतो. आणखी दोन-तीन दिवस गेले की मग पुंकेसर बाहेर लोंबू लागतात, कणसाला पिवळसर किंवा जांभळट झाक येते आणि हात लावला तर बोटांना पराग चिकटतो. म्हणजे एखाद्या कणसाचे स्त्रीकेसर तयार होतात तेव्हा त्याचे स्वतःचे पराग तयार नसतात. वाऱ्याबरोबर शेजारच्या ताटाचे, शेजारच्या वावराचे पराग येतात आणि दाणा त्यांचाच भरतो. गहू किंवा भात मुख्यतः स्वतःच्याच परागावर दाणे भरतात, म्हणून त्यांचा वाण वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. बाजरीत हे होत नाही. वावरातली प्रत्येक पिढी नव्याने मिसळते.

जुनी गावरान बाजरी अशीच मिसळलेली असायची. एकाच वावरात कमी-जास्त उंचीची ताटं, कुसळाची आणि बिनकुसळाची कणसं, राखाडी, हिरवट, पिवळसर दाणे. खळ्यावर कणसं आली की घरातली जाणती बाई किंवा म्हातारा माणूस भरदार, घट्ट दाण्याची कणसं बाजूला काढायचा, आणि तेच पुढच्या वर्षाचं बी. ही निवड शेकडो वर्षं चालली. उत्पन्न बेताचं होतं, पण अशा मिश्र वावरात रोग आला तर काही ताटं जायची, काही तरायची. वावर साफ बसलं असं सहसा होत नसे.

बाजरी मुळात आपल्या मातीतली नाही. तिचं पाळणाघर पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात. मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, माणसाने लागवडीत आणलेल्या बाजरीचे अवशेष मिळाले आहेत. तिथून ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास भारताच्या पश्चिम भागात पोचली. पुढे या गोष्टीत आफ्रिका पुन्हा येणार आहे.

ज्या पिकात स्वतःच्या परागावर दाणा भरत नाही, त्यात संकर करणं सोपं वाटेल; पण मोठ्या प्रमाणावर संकरित बी करायचं तर मादी ओळीतल्या एकाही कणसाने पराग देता कामा नये. लाखो कणसांचे पुंकेसर हाताने काढणं शक्य नव्हतं. हा पेच अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी सोडवला. त्यांनी बाजरीची अशी मादी ओळ तयार केली, जिचे पराग मुळातच वांझ. तिचं नाव टिफ्ट 23 ए. ती भारतात आली आणि लुधियानात डी. एस. अटवाल यांनी तिच्यावर देशी नर ओळ वापरून 1965 मध्ये बाजरीचा पहिला संकरित वाण दिला: एचबी 1. पाठोपाठ एचबी 3 आला, लवकर येणारा आणि बुटका. महाराष्ट्रातही तो झपाट्याने पसरला. 1970-71 मध्ये देशाचं बाजरीचं उत्पादन 80 लाख टनांवर पोचलं.

आणि मग गोसावी आला. रोग करणाऱ्या बुरशीचं शास्त्रीय नाव स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला, पण आपल्याकडे या रोगाला गोसावीच म्हणतात, आणि रोगट कणीस पाहिलं की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही: दाण्यांच्या जागी हिरव्या पानांच्या बटा फुटतात आणि कणसाची जटा होते. त्याआधी पानं पिवळी पडतात. पहाटे दव असताना पान उलटून बघितलं तर खालच्या बाजूला पांढरी, भुकटीसारखी बुरशी दिसते. ऊन चढलं की ती सहज लक्षात येत नाही. रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. एचबी मालिकेतल्या सगळ्या वाणांची मादी एकच होती, टिफ्ट 23 ए, आणि तिला या बुरशीचा जराही प्रतिकार नव्हता. लाखो हेक्टरवर जणू एकच ताट पेरलेलं होतं. 1974-75 मध्ये देशाचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं. महाराष्ट्रात तर मधल्या वर्षांत 1972 चा दुष्काळ पडला होता. दुष्काळी कामांवर सुकडी आणि परदेशी लाल मिलो खाल्लेली पिढी अजून आहे. त्या मिलोच्या आठवणीशेजारी बाजरीच्या जटा झालेल्या कणसांचीही आठवण आहे. ती तितकीशी सांगितली जात नाही.

नवी मादी ओळ घेऊन पुढचे संकर आले. बीजे 104 आणि बीके 560 हे दोन्ही वाण सत्तरच्या दशकाच्या शेवटी चांगले चालले, आणि ऐंशीच्या दशकात गोसावीने त्यांनाही गाठलं. चूक तीच झाली होती. मादी बदलली, पण पुन्हा एकच मादी लाखो हेक्टरवर गेली. दोनदा हातचं पीक गेलेल्या शेतकऱ्याने नंतर बाजरीवर खत-पाण्याचा खर्च करायला हात आखडला, तर त्याला दोष देता येणार नाही. मधल्या काळात घरचं जुनं बीही संपलं होतं. संकरित बाजरीचं बी घरी ठेवून पेरलं तर पुढच्या वर्षी ताटं विस्कटतात, उंची आणि कणीस एकसारखं राहत नाही, उत्पन्न घटतं. म्हणून ते ठेवण्यात अर्थ नव्हता. आणि गावरान बी दोन-तीन वर्षं पेरलं नाही की उगवण जाते. बियाण्याची साखळी अशी गुपचूप तुटली.

याच सुमारास हैदराबादजवळ पटनचेरूला 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत वेगळा विचार चालू होता. संकर सोडून सुधारित वाण करायचा, म्हणजे निवडक ताटांचा एक छोटा समूह घ्यायचा, त्यांना आपसात फुलू द्यायचं आणि त्यांतून एकसारखा, पण आतून थोडी विविधता राखलेला वाण उभा करायचा. शेतकरी त्याचं बी घरी राखू शकतो. डब्ल्यूसी-सी 75 हा असा पहिला मोठा वाण 1982 मध्ये आला. दुसरा 1988 मध्ये आला: आयसीटीपी 8203.

आयसीटीपी 8203 ची मुळं थेट टोगोत जातात. टोगो, घाना, बेनिन, बुर्किना फासो या भागात 'इनियाडी' नावाची बाजरी पिकते: लवकर येणारी, जाड कणसाची, टपोऱ्या राखाडी दाण्याची. टोगोतून आलेल्या या बाजरीतून पाच उत्तम वंशावळी निवडून त्यांच्या मिश्रणातून हा वाण बांधला. महाराष्ट्रात तो असा पसरला की नव्वदच्या दशकात काही लाख हेक्टर त्याच्याखाली होते. कारण स्पष्ट होतं. तो लवकर येतो, गोसावीला तोंड देतो, दाणा मोठा असल्याने बाजारात उठून दिसतो आणि बी घरी ठेवता येतं. आफ्रिकेतल्या कोरड्या गावातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं कणीस दुसऱ्या खंडातल्या कोरड्या गावात असं बसावं, हे मला या साऱ्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या काळात संकरित वाणांचाही नेटाने पाठपुरावा केला. श्रद्धा, सबुरी आणि नंतर शांती ही नावं नगर-नाशिककडच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसलेली आहेत. अलीकडचे आदिशक्ती आणि फुले महाशक्ती हे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या बाजरी संशोधन योजनेतून आले. धुळ्याची हवा आणि कसमादेची हवा फार वेगळी नाही, त्यामुळे तिथे तपासलेला वाण इथे चालण्याची शक्यता चांगली. रोगप्रतिकारही आता पूर्वीसारखा नशिबावर सोडलेला नसतो. हरियाणाचा एचएचबी 67 हा संकर गोसावीला बळी पडू लागला, तेव्हा डीएनएच्या खुणा तपासून त्याच्या दोन्ही पालक ओळींत प्रतिकार आणला आणि 2005 मध्ये सुधारित वाण दिला. मादी ओळींची संख्याही वाढली आहे. सत्तरच्या दशकातली पडझड आता तशीच्या तशी होईल असं मला वाटत नाही.

तरी कोरडवाहू देवळ्यासाठी माझं मन वळतं ते धनशक्तीकडे. हा आयसीटीपी 8203 चाच पुढचा अवतार. मूळ वाणात ताटागणिक लोहाचं प्रमाण कमी-जास्त होतं, म्हणजे आत विविधता शिल्लक होती. त्यातली जास्त लोहाची ताटं निवडून, पुन्हा एकत्र फुलवून हा वाण केला. राहुरीच्या विद्यापीठाच्या साथीने 2012 मध्ये तो महाराष्ट्रात आला. जास्त खनिजांसाठी मुद्दाम निवडून प्रसारित झालेला देशातला हा पहिला वाण. किलोभर दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त. तयार व्हायला साधारण पंचाहत्तर दिवस. हेक्टरी उत्पन्न सरासरी 22 क्विंटलच्या आसपास. जनुकांत कुठली कापाकापी नाही, केवळ निवड. खळ्यावरची म्हातारी भरदार कणसं निवडायची. इथे निवड करताना प्रयोगशाळेतलं लोहमापन हाताशी होतं, एवढाच फरक.

लोहाचा आकडा आणि अंगी लागणारं लोह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजरीत फायटेट आणि पॉलिफेनॉल भरपूर असतात, आणि ते लोहाला बांधून ठेवतात. त्यामुळे खाल्लेल्या लोहातला थोडाच भाग शरीर घेतं. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबणं बरं नाही, माणसांवर तपासायला हवं. ते महाराष्ट्रातच तपासलं गेलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण महाराष्ट्रातल्या 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींना सहा महिने दिवसातून दोनदा बाजरी दिली, भाकरीच्या आणि शेवेच्या रूपात. एका गटाला जास्त लोहाची बाजरी, दुसऱ्याला साधी. चार महिन्यांतच पहिल्या गटाचा शरीरातला लोहसाठा सुधारलेला दिसला, आणि ज्यांना सुरुवातीला लोहाची कमतरता होती त्यांची ती भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटापेक्षा दीडपटीहून जास्त निघाली. औषधाची गोळी नाही, लोखंडाचं टॉनिक नाही. नेहमीची भाकरी, फक्त वाण वेगळा. ज्या राज्यात शाळकरी मुलींमधला रक्तक्षय हा रोजचा प्रश्न आहे, तिथे ही गोष्ट वसतिगृहांच्या आणि आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरापर्यंत अजून नीट पोचलेली नाही, याचं वाईट वाटतं.

या धाग्यावर काम पुढेही गेलं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रातून आलेल्या एएचबी 1269 एफई या संकरित वाणात लोह किलोला 91 मिलिग्रॅमपर्यंत जातं. आणि 2018 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नियमच केला की देशात प्रसारित होणाऱ्या बाजरीच्या नव्या वाणात किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असलंच पाहिजे. धान्याच्या वाणाला पोषणाची किमान पातळी लावणारा हा जगातला पहिला नियम. उत्पन्नाचा आकडा हीच वाणाची एकमेव परीक्षा, ही समजूत यातून मोडली.

स्वयंपाकघरात बाजरीचा हट्ट वेगळा असतो. तिच्या दाण्यात साधारण पाच टक्के स्निग्धांश, गहू-तांदळापेक्षा बराच जास्त. दळल्यावर दाण्यातलंच एक विकर या तेलावर काम करू लागतं आणि आठ-दहा दिवसांत पिठाला कडवट वास येतो. म्हणून बाजरीचं पीठ दुकानात भरून ठेवण्याजोगं नाही, आठवड्यापुरतं दळावं. शहरातल्या ज्या माणसाला बाजरी कडू लागते, त्याने बहुधा शिळं पीठ खाल्लेलं असतं. ताज्या पिठाची भाकरी गोडसर असते. बाजरीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ गव्हासारखं ताणलं जात नाही. उकळतं पाणी घालून त्यातलं पिष्टमय सत्त्व थोडं शिजलं की मग मळता येतं, आणि तेही एका भाकरीपुरतं, तळहाताच्या जोराने, पीठ मऊ होईपर्यंत. परातीत थापताना कडा फुटल्या तर मळणं कमी पडलं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि मग निखाऱ्यावर किंवा थेट आचेवर फुगवायची. तिचा राखाडी-हिरवट रंग दाण्यातल्या रंगद्रव्यांचा. आंबट ताकात बाजरी भिजत ठेवली तर तो बराच उतरतो आणि दाणा फिकट होतो.

थंडीतली बाजरी वेगळी सांगायला हवी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी घरोघर होते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि रोडगा बाजरीचा. शेजारच्या मालेगाव तालुक्यात चंदनपुरीला खंडोबाचं मोठं ठाणं असल्याने या भागात हा दिवस घरोघर पाळला जातो. वांगं, कांद्याची पात, लसूण आणि बाजरी ही त्या दिवसांतली शेतातलीच जिन्नसं.

आता वावरातलं थोडं. बाजरीला एकरी दीड किलोच्या आसपास बी पुरतं, दोन ओळींत 45 आणि दोन रोपांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवून. पण पेरण्याआधीचं एक काम बहुतेक जण टाळतात: मिठाच्या पाण्यात बी बुडवण्याचं. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं आणि त्यात बी टाकून हलवायचं. वर तरंगतं ते हलकं, पोचट बी आणि अरगटाच्या काळपट गाठी. त्या चाळणीने काढून जाळायच्या किंवा पुरायच्या. तळाशी बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. मग गोसावीसाठी मेटॅलॅक्सिल हे बुरशीनाशक बियाण्याला चोळायचं, किलोला सहा ग्रॅम. खर्च नगण्य, काम तासाभराचं.

अरगट हा दाण्यावरचा रोग, आणि त्याचा संबंध पुन्हा त्या फुलोऱ्याशी आहे. पिसासारख्या स्त्रीकेसरावर पराग पडला की काही तासांत तो आकसतो आणि बुरशीची वाट बंद होते. पराग मिळालाच नाही तर तो टवटवीत राहतो, आणि त्याच वाटेने अरगट आत शिरतो. कणसावर गुलाबीसर चिकट थेंब दिसतात, म्हणून याला चिकटा असंही म्हणतात. नंतर दाण्याच्या जागी कडक काळी गाठ येते. ती विषारी असते. ती दळणात गेली तर मळमळ, उलट्या, गुंगी येते. फुलोऱ्याच्या वेळी चार दिवस झिमझिम राहिली की पराग धुऊन जातो आणि रोग वाढतो. सगळी ताटं एकाच वेळी फुलणाऱ्या वावरात परागाची वेळ चुकली की सगळंच चुकतं. थोडी पुढे-मागे फुलणारी ताटं असतील तर हवेत पराग जास्त दिवस राहतो. सुधारित वाणाच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा.

पाण्याची सोय असलेल्यांना उन्हाळी बाजरीही जमते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरलेल्या बाजरीवर रोग फारसा येत नाही, ऊन भरपूर असतं आणि उत्पन्न खरिपापेक्षा वर जातं. नाशिक-धुळे-जळगावकडे हा प्रकार वाढतो आहे. पण उन्हाळ कांद्याशी पाण्यासाठी तिची झटापट होते, त्यामुळे देवळ्यात ती गिरणाकाठापुरतीच राहील असं दिसतं.

पैशाचा हिशोब टाळून चालणार नाही. 2025-26 च्या खरिपात केंद्राने जाहीर केलेला हमीभाव बाजरीला क्विंटलला 2775 रुपये आणि मक्याला 2400 रुपये होता. कागदावर बाजरी पुढे. पण एकरी मका दुपटी-तिपटीने उतरतो, मळणीयंत्रातून सरळ पोत्यात जातो, व्यापारी बांधावर येतो आणि हिरवा मका कापून मुरघासही होतो. बाजरीला कापणीला माणसं लागतात, आणि दाणा दुधात आल्यापासून चिमण्या-पोपट राखायला कुणीतरी दिवसभर वावरात हवं. आसपास दहा एकर बाजरी असती तर पाखरं वाटली गेली असती. आज एकट्या वावरावर सगळी उतरतात. म्हणून जो शेवटचा पेरणारा असतो तोही पुढच्या वर्षी मक्याकडे वळतो. मका करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र 2018 पासून देशात शिरलेल्या अमेरिकन लष्करी अळीने मक्याचा फवारणीखर्च वाढवला आहे, मका रान उशिरा सोडतो आणि जमिनीतलं अन्न भरपूर ओढतो. बाजरीचं सरमाड गुरं खातात, आणि कोरड्या वर्षात धान्याइतकीच त्याची किंमत येते. पाणी नसलेल्या, हलक्या एक-दोन एकरांसाठी हिशोब बाजरीच्या बाजूने झुकतो, खास करून घरात खाणारी तोंडं असतील तर. 2023 हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, शहरात बाजरीची बिस्किटं आली. त्याचा फायदा कोरडवाहू वावरापर्यंत यायचा तर गावकऱ्यांनी ठरवून एका शिवारात लगतच्या वावरांत बाजरी पेरायला हवी. पाखरांचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

बी घेताना पुडीवर दोन गोष्टी वाचाव्या. पहिली, संकरित की सुधारित. संकरित असेल तर चांगलं उत्पन्न येईल, पण पुढच्या वर्षी पुन्हा पुडीच घ्यायची. त्याचं बी राखू नये. सुधारित असेल, धनशक्तीसारखं, तर राखता येतं. दुसरी गोष्ट खूणचिठ्ठीचा रंग. निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बी, सरकारी यंत्रणेने शेतावर जाऊन तपासलेलं. हिरवी म्हणजे सत्यदर्शक, ज्याची हमी कंपनी स्वतः देते. पांढरी पायाभूत बियाण्याची असते.

आणि बी राखायचं ठरलं तर वावराच्या कडेची कणसं घेऊ नयेत, कारण शेजारच्या वावरातला पराग तिथेच आधी पडतो. शेजारी दुसरा वाण असेल तर दोनशे मीटरचं अंतर हवं. छोट्या शिवारात ते मिळत नाही, म्हणून जवळच्यांनी एकच वाण पेरणं हाच मार्ग. वावराच्या मधल्या भागातून, निरोगी ताटांवरची, चांगल्या दोनशे-अडीचशे ताटांची कणसं काढावीत. चार-पाचच उत्तम कणसं घेण्याचा मोह टाळावा. फार थोड्या ताटांतून बी घेतलं तर पुढची पिढी खुरटते. कणसं उन्हात कडक वाळवून, हाताने झोडून, दाणे कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत कोरड्या डब्यात भरावेत आणि डब्यावर वाण आणि वर्ष लिहावं. दोन-तीन हंगामांनंतर नवं प्रमाणित बी एकदा आणून पुन्हा सुरुवात करावी.